रेडिओताईची शाबासकी

आबा वर्गाच्या दारात आले, तेव्हा सगळी पोरं मान वळवून त्यांच्याकडे बघायला लागली. त्यांनी चपला बाहेर काढल्या, खांद्यावरची घोंगडी उतरवली, तिची घडी केली आणि मांडीवर घेऊन उंबऱ्यापाशी टेकले. घरी आबा घोंगडीवर बसत. परक्या दारात मात्र ती नेहमी त्यांच्या मांडीवर असायची, लेकरासारखी.

माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

आदल्या दिवशी मागावरून उठताना ते म्हणाले होते, "गुरुजींनी सांगावा धाडलाय. उद्या रेडिओच्या तासाला मी येतोय. रेडिओला उत्तर दिलंस तर तुझी शाळा. न्हाई दिलंस तर चरखा. मग रडायचं न्हाई."

आईनं मध्ये तोंड घातलं. "अवो, पोर हाय ती!"

"पोर हाय म्हणूनच म्हणतोय. उगं दगडासारखी तिथं बसून काय करंल? लोकर तरी कातंल."

मी तेव्हा तिसरीत होते. बोरमाळ हे आमचं गाव माणदेशातलं. पाऊस गावाला विसरलेला, मेंढरं मात्र विसरली नव्हती. आमचं घर सनगरांचं. आबा घोंगड्या विणत, आई लोकर पिंजे, आणि चरखा कोपऱ्यात माझी वाट बघत असे. चरख्याला मी भीत नव्हते. पण शाळेत पोतदार बाई होत्या. त्यांच्या समोर बसलं की माझ्या डोक्यात दिवे लागत. ते दिवे सोडून मला चरख्यापाशी बसायचं नव्हतं.

गुरुजींच्या तासाला मात्र दिवा विझलेला. खरात गुरुजी शाळेचे मुख्य, आणि त्यांच्या मिशा पंचक्रोशीत मुख्य. दोन्ही बाजूंना एकेक लिंबू ठेवलं तरी घरंगळायचं नाही, असं लोक म्हणत. खालचा ओठही त्या झुडपात कुठंतरी हरवलेला. ते आमच्या मागून फेऱ्या मारत पाढे विचारायचे. एकदम सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला, की मला कळायचं, मला काहीतरी विचारलंय. मी उभी राहायचे आणि त्या मिशांकडे बघत राहायचे.

"मनात आलं तर बोलती, न्हाई तर मठ्ठ," ते बाईंना म्हणायचे. "हट्टी हाय. बापाच्या वळणावर गेलीया."

हे मला बायडीनं सांगितलेलं. बायडी माझ्या शेजारी बसायची. सुताराची लेक, तोंडाची तिखट. त्या मंगळवारचंही थोडं मी पाहिलं, थोडं तिच्याकडून नंतर इतक्यांदा वदवून घेतलं, की आता कुठलं माझं आणि कुठलं तिचं हे मलाच सांगता यायचं नाही.

रेडिओ शाळेत आला, तेव्हा गावानं त्याला नारळ फोडला होता. लाकडी पेटीचा, पुढं सोनेरी जाळीचं कापड ताणलेला. पोतदार बाईंनी त्याला पुढून उघडा असा खणाचा अभ्रा शिवला. दर मंगळवारी जेवणाच्या सुट्टीनंतर तो टेबलावर यायचा, आणि मुलांसाठीचा कार्यक्रम लागायचा. त्यातल्या बाईंना आम्ही रेडिओताई म्हणायचो. ताई गोष्ट सांगायची, गाणं म्हणायची, मध्येच प्रश्न विचारायची आणि थांबायची. त्या थांबण्यात सगळा वर्ग ओरडून उत्तर द्यायचा. मग टुणकन घंटी वाजायची आणि ताई म्हणायची, "शाब्बास!"

उत्तर चुकलं तरी शाब्बास.

"लबाड हाय ती," बायडी म्हणायची. "मी काल उंदीर म्हनलं हत्तीच्या जागी, तरी शाब्बास म्हनली."

मला मात्र ताईनं कधी शाब्बास म्हटलं नाही. मला ती काहीच म्हणायची नाही. पोरं हसली की मी हसायचे, पोरांनी टाळ्या वाजवल्या की मी वाजवायचे. फक्त माझी टाळी सगळ्यांच्या मागून, एकटीच, यायची. मला वाटायचं, ताई ज्यांच्यावर राजी असेल त्यांच्याशीच बोलते. देव नाही का, एखाद्याला कौल देतो आणि एखाद्याचं फूल तसंच चिकटवून ठेवतो? म्हणून मी दर मंगळवारी सगळ्यांच्या आधी येऊन रेडिओपुढं तरवडाचं फूल ठेवायचे. एकदा गुळाचा खडा ठेवला. त्याला मुंग्या लागल्या, आणि गुरुजींनी सगळ्या वर्गाला उठाबशा काढायला लावल्या.

त्या मंगळवारीही मी फूल ठेवलं. डोळे मिटून म्हटलं, ताई, आज आबा येणारेत. आज तरी बोल.

बाईंनी बटण फिरवलं. पेटीतला लहानसा दिवा पिवळा झाला. पोरांचे चेहरे उमलले, म्हणजे ताई आली.

आता जे सांगते ते बायडीचं. ताई त्या दिवशी नेमकी मेंढीची गोष्ट सांगत होती. मेंढीला थंडी वाजत नाही, कारण तिनं आपली घोंगडी अंगातच विणलेली असते, असं काहीतरी. पोरं माझ्याकडे बघून हसली. आबा उंबऱ्यावर सरळ होऊन बसले. रेडिओनं आपल्या घराचं नाव घ्यावं तसं त्यांना वाटलं असणार.

"मेंढीच्या लोकरीपासून माणसं काय विणतात?" ताईनं विचारलं.

"घोंगडीऽऽ!" वर्ग ओरडला.

"शाब्बास!"

गुरुजींनी हात वर केला. सगळे गप्प झाले. त्यांनी माझ्याकडे बोट केलं आणि बाकीच्यांना ओठांवर बोट ठेवून दाखवलं. ते मला कळलं. आता फक्त मी.

मी उभी राहिले. बाई खिडकीपाशी होत्या, त्यांची पाठ उजेडाकडे, चेहरा काळोखात. बायडीनं तोंडावर हात घट्ट धरलेला. मी रेडिओकडे बघितलं. सोनेरी कापड. त्याच्या विणीत एकही धागा हलत नव्हता.

"आणि घोंगडी ताठ राहावी म्हणून तिला कशाची खळ लावतात बरं?" ताईनं विचारलं, आणि थांबली.

आमच्या घरातला प्रश्न. आमच्या जात्यातला. आबांनी माझ्याकडे बघितलं. सगळ्या वर्गानं बघितलं. मी रेडिओकडे बघत राहिले. पिवळा दिवा माझ्याकडे बघत राहिला.

टुण.

"शाब्बास!" ताई म्हणाली.

वर्ग असा फुटला की फळ्यावरचा खडू खाली पडला. पोरं पोट धरून हसत होती. सगळे हसताहेत म्हणजे काहीतरी चांगलं झालं, म्हणून मीही हसले. सगळ्यांच्या मागून, एकटीच.

आबा उठले. घोंगडी खांद्यावर टाकली. पोरांमधून वाट काढत ते माझ्यासमोर आले, आणि माझा दंड धरला. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"चल घरला," ते म्हणाले. "आपल्या घरातलं इचारलं गं रेडिओनं. आपल्या घरातलं! तुझी आय रोज दळती ते. आन् तू हसतीस?"

"काय इचारलं?" मी म्हटलं.

"काय इचारलं म्हंजे? खळ कशाची लावत्यात?"

"चिंचोक्याची!" मी म्हटलं. "भाजायचे, टरफलं काढायची, भिजवायचे, भरडायचे, मग उकळायचे. लई उकळलं तर करपतं. आबा, हे तर मला येतंय की!"

आबांचा हात दंडावरच राहिला, पण त्यातली पकड गेली.

"मग मगाशी का न्हाई बोललीस?"

"मगाशी मला कुणी इचारलंच न्हाई."

गुरुजी पुढं आले. मिशा हलल्या. बायडी सांगते, ते म्हणाले, "बघितलंत? ही अशी. तोंडाला तोंड देती."

पण पोतदार बाई खिडकीपासून निघाल्या होत्या. त्यांनी गुरुजींना हातानं थांबवलं आणि माझ्या मागं जाऊन उभ्या राहिल्या. मी आबांकडे बघत होते. आबांची नजर माझ्या डोक्यावरून मागं गेली, आणि हळूहळू त्यांचं तोंड उघडं पडत गेलं. बाई मागून मला हाका मारत होत्या. आधी हळू. मग मोठ्यानं. मग इतक्या मोठ्यानं, की शेजारच्या खोलीतली पहिलीची पोरं दारात जमा झाली. शेवटच्या हाकेला मला वाटलं, लांब कुठंतरी कुणीतरी कुणाला बोलावतंय.

बाई पुढं आल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडलेला.

"हौसा, सात नवे किती?"

"त्रेसष्ट."

त्यांनी साडीचा पदर उचलून तोंडाला लावला. डोळे तेवढे वर राहिले. पदर थोडा थरथरला.

"बाई," मी म्हटलं, "पदर काढा की. बोललेलं दिसत न्हाई."

रेडिओताई आपली तिकडं गाणं म्हणत होती, पण तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"दिसत न्हाई म्हंजे?" आबा म्हणाले. त्यांनी बाईंकडे बघितलं, गुरुजींकडे बघितलं. "बोललेलं काय दिसायचं असतंय?"

मला याचं नवल वाटलं. म्हणजे तुम्हाला दिसत नाही? मग तुम्ही ओळखता कसं? मी तोवर समजत होते, सगळ्यांचं माझ्यासारखंच असतं. माणूस तोंड हलवतं आणि दुसरं माणूस ते वाचतं. फक्त इतर पोरं माझ्यापेक्षा हुशार, त्यांना पाठमोऱ्या माणसाचंही वाचता येतं, आणि कापड ताणलेल्या पेटीचंही.

"हिला ऐकू येत नाही," बाई म्हणाल्या. माझ्याकडे तोंड ठेवून म्हणाल्या, म्हणून ते मलाही कळलं. "फार थोडं येतं. गोवर झाला होता का हिला?"

"झाला हुता. मोठा. तवापास्नं कान वाहतोय," आबा म्हणाले. "पर आय तेल टाकती की लसणाचं. आन् बाई, ऐकू येत नसंल तर हिला ओव्या कशा येत्यात? आयच्या समद्या ओव्या तोंडपाठ हायत हिला! चालीसकट!"

बाई खाली बसल्या, माझ्याएवढ्या उंचीच्या झाल्या.

"ओव्या कुठं ऐकतेस गं हौसा?"

"आईच्या मांडीवर," मी म्हटलं.

गावात पिठाची गिरणी होती, पण चिंचोके ती घ्यायची नाही, दगड खराब होतो म्हणून. त्यामुळं आमच्या घरातलं जातं अजून बोलतं होतं. दुपारी आई चिंचोके भरडायला बसली, की मी तिच्या आडव्या मांडीवर डोकं टेकून पडायचे. गाल घट्ट दाबून. मग दगडाची घरघर तिच्या हाडातून माझ्या हाडात यायची, आणि त्या घरघरीवर बसून तिची ओवी यायची. स्पष्ट, शब्दन् शब्द:

चिंचोक्याचं गं दळण, जातं चालतं जडभारी,
उसं मांडीचं करून, लेक निजली दुपारी.

काळ्या घोंगडीचा काठ, पांढऱ्या गं लोकरीचा,
काळ्या माझ्या दिसावर, रंग हसऱ्या पोरीचा.

"डोकं उचललं की गाणं बंद हुतं," मी बाईंना सांगितलं. "टेकलं की सुरू. गाणं हाडात असतंय, बाई."

बाई उठल्या. त्यांनी माझा हात धरला, टेबलापाशी नेलं, रेडिओवरचा खणाचा अभ्रा ओढून काढला. मग माझं डोकं दोन्ही हातांत धरलं, कानामागचं हाड त्या लाकडी पेटीला टेकवलं, आणि बटण शेवटपर्यंत फिरवलं.

बायडी म्हणते, आवाजानं खिडक्या थरथरल्या आणि पोरांनी कान झाकले. मला ते ठाऊक नाही. मला एवढंच ठाऊक आहे की पेटीचं लाकूड आधी नुसतं आईच्या जात्यासारखं घरघरलं, आणि मग त्या घरघरीतून एक बाई चालत माझ्याकडे आली.

"...तर मुलांनो, आज आपण मेंढीकडून पुष्कळ शिकलो, हो ना?"

किती बारीक आवाज होता तिचा! मी तिला जाडीभरडी समजत होते, आमच्या मामीसारखी. ही तर कोवळी पोर होती. थोडं सर्दी झाल्यासारखं बोलत होती.

"हो!" मी म्हटलं.

ती थांबली होती. माझ्यासाठी थांबली होती.

"चिंचोक्याची!" मी पेटीला सांगून टाकलं. उशीर झाला होता, पण तिचं देणं नको राहायला. "खळ चिंचोक्याची लावत्यात, ताई!"

टुण.

"शाब्बास!" रेडिओताई म्हणाली.

या वेळी वर्गात कुणी हसलं नाही. मीच हसले, आणि सगळ्यांच्या आधी हसले. आबा आमच्या गुरुजींच्या खुर्चीत बसले होते, कुणी बस म्हटलं नसताना. घोंगडीत तोंड घालून त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं, मी पुन्हा काहीतरी चुकले. मी जवळ गेले तेव्हा त्यांनी माझं डोकं ओढून आपल्या छातीला लावलं. हाडातून आवाज आला, "मठ्ठ न्हाई गं माझी बाय. मठ्ठ न्हाई."

आईला सांगितलं तेव्हा ती आधी रडली, मग हसली, मग परत रडली. तिनं आजवर कुणाकुणाची नजर उतरवली होती, कुठल्या कुठल्या देवाला कोंबडं बोललं होतं, ते सगळं तिनं तिथंच बसून सांगितलं. "म्हंजे डोस्कं चांगलं हाय न्हवं?" एवढंच ती पुन्हा पुन्हा विचारत होती. "कानाचं काय, कान काय कुणाचाबी बिघडंल!"

पोतदार बाई आम्हाला जिल्ह्याच्या गावी मोठ्या दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथल्या डॉक्टरांनी काट्यासारखं दोन टोकांचं एक लोखंडी दुबेळकं टेबलावर आपटलं आणि माझ्या कानापाशी धरलं. काही नाही. मग तेच कानामागच्या हाडाला टेकवलं. ते गायला लागलं. डॉक्टरांनी ते पुन्हा पुन्हा केलं, आणि दर वेळी त्यांचा चेहरा थोडा थोडा मोकळा होत गेला.

"आतली नस शाबूत आहे," ते म्हणाले. "पडद्याला भोक पडलंय, दोन्हीकडं. आधी कान कोरडे करू. मग ऑपरेशन. भोकावर कातड्याचा तुकडा बसवायचा."

आबा पुढं झुकले. "म्हंजे ठिगळ?"

"हो. ठिगळच म्हणा."

"मग तसं सांगा की!" आबा खुर्चीत मागं रेलले. त्या दिवसांत मी त्यांना पहिल्यांदा असं रेललेलं पाहिलं. "ठिगळाला काय भ्यायचं? आमचा जल्म ठिगळात गेला."

पोतदार बाई हसल्या, आई हसली, डॉक्टरही हसले. मी सगळ्यांची तोंडं बघत होते. कुणाच्याच ओठांवर आता माझी काळजी नव्हती.

पुढं एका कानाला ठिगळ चांगलं बसलं, दुसऱ्याला तेवढं नाही. पण एक दार उघडं असलं की घरात वारा येतो. आज मी शाळेच्या पोरांसाठी पडद्यावरचे धडे तयार करते. मोबाइलवर बघायचे, टीव्हीवर बघायचे. नवी मंडळी सुंदर चित्रं लावतात, संगीत लावतात, आणि शिकवणाऱ्या बाईंचा फक्त आवाज ठेवतात. मी म्हणते, बाईंचं तोंड दिसू द्या. कोपऱ्यात का होईना, पण दिसू द्या. खाली अक्षरं येऊ द्या. आणि प्रश्न विचारला की जरा थांबा. ते का म्हणून विचारतात. मी म्हणते, असंच.

ऑपरेशन अजून व्हायचं होतं, त्या दवाखान्यातून परतल्यावरची गोष्ट. सोमवारी मी शाळेत गेले, तर पोरं पटांगणात घोळका करून उभी. कुणी हसत नव्हतं. बायडीनं मला बघितलं आणि माझ्यासमोर येऊन, तोंड मोठं करून, एकेक शब्द सुटा सुटा दाखवत म्हणाली, "हौसे, वर्गात जा. लगेच जा. आन् हसू नगंस, माझी शपथ हाय."

ती आता सगळं असंच बोलायची. गाल दुखेपर्यंत.

मी वर्गात गेले. टेबलापाशी एक माणूस पाठमोरा उभा होता. पुस्तकं नीट करत होता. धोतर गुरुजींचं, टोपी गुरुजींची. तो वळला, आणि मी क्षणभर ओळखलंच नाही. गुरुजींच्या चेहऱ्याचा मधला सगळा भाग उघडा पडला होता. मिशांच्या जागी कातडी कोवळी, पांढरट, कापणी झालेल्या शेतासारखी. आणि त्याखाली ओठ. पातळ ओठ. बिचाऱ्यांचे ओठ चांगले होते.

पंचक्रोशीत सांगायच्या मिशा त्या. पाटलाच्या लेकाच्या लग्नात त्यांच्यावर पैज लागली होती.

आमच्या घरी हे कळलं, तेव्हा आईनं चिंचोके भरडायला घेतले आणि नवी ओवी बांधली. ती मी माझ्या जागेवरून ऐकली, तिच्या मांडीवरून:

दार मोडलं गं बाई, दिवा आत हाय जागा,
माझ्या लेकीला घावला, बोल-बोलाचा गं धागा.

पण ते दुपारचं. सकाळी वर्गात आम्ही दोघंच होतो. गुरुजी फेऱ्या मारत मागं गेले नाहीत. ते पुढून आले, पाट ओढून माझ्यासमोर खाली बसले. उजेड त्यांच्या तोंडावर पडेल असे सरकले. एकदा वरच्या ओठावरून बोट फिरवलं, तिथं काही लागलं नाही, तेव्हा ते जरा कावरेबावरे झाले. आणि मग, मोठ्या सावकाशीनं, ज्या माणसाला नवीन बोलायला शिकायचंय त्याच्यासारखं, म्हणाले,

"हौसा, आता दिसतंय का गं बोललेलं?"

"दिसतंय, गुरुजी," मी म्हटलं.

"मग सांग. सात नवे?"